भिंतीपलीकडे गेलेली प्रार्थना

आई, तुम्हाला मूठमाती देऊन आलो त्या दिवसापासून भिंतीपलीकडचा टीव्ही बंद होता. काल तो पुन्हा लागला. तेच तुम्हाला सांगायचंय, पण जरा दम धरा, मला आधी टेकू दे. आज दुपारी शेवटचे पाहुणे नगरच्या गाडीत बसले आणि आत्ता कुठे या घरात मी, सुनील आणि तुमची रिकामी कॉट एवढंच उरलंय.

दमलेय हो मी. तुमच्या दुखण्यानं नाही, ते केलं मी, त्याचं काही नाही. आलेल्या माणसांना चहा देऊन देऊन आणि "त्या प्रभूच्या घरी गेल्या, रडायचं नाही" हे ऐकून ऐकून दमलेय. का रडायचं नाही? माझी सासू गेली, मी रडणार. चर्चच्या मंडळीतल्या एका काकांनी तर कमालच केली. दफनभूमीच्या फाटकातच रमेशभाऊंना गाठून त्यांच्या हातात 'येशूकडे या, तारण मिळेल' अशी छापील पत्रिका कोंबली. शेजारचे आपले रमेशभाऊ, ज्यांनी तुमची पेटी खांद्यावरून जिना उतरवली, त्यांच्या हातात! भाऊंनी पत्रिकेची घडी केली, खिशात ठेवली आणि मला हळूच म्हणाले, "मावशींनी कधी असलं काही दिलं नाही हो आम्हाला. दिल्या त्या करंज्याच."

तुम्ही असतात तर त्या काकांना तिथेच झाडलं असतं. "देवाचं नाव खराब करतोस मेल्या," असं म्हणाला असतात. हे तुमचं ठरलेलं वाक्य. लग्न होऊन विठ्ठलवाडीच्या या बिल्डिंगमध्ये आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी ते ऐकलं. सगळ्या बिल्डिंगमध्ये आपलं एकच ख्रिस्ती घर, म्हणून खिडकीतून कचरा टाकायचा नाही. बारवी धरणाचं पाणी आलं की खालच्या नळावर आधी म्हाताऱ्यांच्या कळशा लागू द्यायच्या, मग आपली. जिन्यात चपला वाकड्या दिसायला नकोत. आणि भांडण झालं तरी आवाज चढवायचा नाही, समोरची कितीही चुकलेली असू दे.

"लोकांना आपला देव कुठं भेटणार गं प्रभा? चर्चमध्ये येणारेत का ते? जिन्यात भेटणार, नळावर भेटणार."

मी म्हणायचे, "मग त्यानं स्वतःच यावं की नळावर. त्याची अब्रू माझ्या डोक्यावर कशाला?"

तुम्ही हसायचात. मला मात्र खरंच वैताग यायचा. माणसाला कधीतरी कचकचून भांडावंसं वाटतं हो. खालच्या मजल्यावरची ती पापडवाली जानकीभाभी माझ्या वाळत घातलेल्या साड्या सरकवून आपले पापड पसरायची, आणि मी देवाचं नाव सांभाळत गच्चीवरून गप्प खाली यायचे. इतकी वर्षं गिळलेली भांडणं आहेत माझ्या पोटात, तुमच्या देवासाठी. तो माझाही आहे, माहीत आहे मला. रागात म्हणतेय, बोलू द्या.

आणि एवढं सगळं सांभाळून शेवटी देवाचं नाव कुणी घालवलं, तर तुम्हीच. तेही प्रार्थना करून.

तुम्हाला मनातल्या मनात प्रार्थना करता यायचीच नाही. नगरकडे तुमचं माहेर शेतातलं, शेजारचं घर हाक मारली तरी ऐकू न जाणारं. तिथे तुमचे वडील ओट्यावर उभं राहून खड्या आवाजात देवाशी बोलायचे, तीच सवय तुम्ही इथे घेऊन आलात. इथली भिंत एका विटेची. पलीकडे रमेशभाऊ-कुसुमताईंच्या घरात फोडणी पडली तर आपल्याला शिंक येते. दिवेलागणीला तुम्ही पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि "हे दयाळू बापा" म्हटलं, की पलीकडून कुसुमताईंचा आवाज यायचाच, "ए पल्लवी, आवाज कमी कर गं. मावशींची प्रार्थना चाललीय." की लगेच टीव्ही बारीक.

त्या आंबेडकरी घरातल्या. देव मानत नाही असं तोंडावर सांगायच्या तुम्हाला, आणि तुम्हीही "बरं बाई" म्हणायचात. पण टीव्ही मात्र रोज कमी व्हायचा. दिवाळी त्यांच्याकडे होत नाही, त्यामुळे त्यांची लेक पल्लवी लहान असताना तिच्यासाठी करंजी म्हणजे नाताळ. ताट तिकडे जायचं आणि कधी रिकामं परत यायचं नाही. चौदा एप्रिलच्या खिरीनं तर डबाच भरून यायचा.

मग रमेशभाऊंची अंबरनाथची कंपनी बंद पडली. कुसुमताईंनी ते गच्चीवर, गोधड्या वाळत घालताना फक्त तुम्हाला सांगितलं. भाऊ तरीही रोज सकाळी डबा घेऊन निघायचे. अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिराजवळ झाडाखाली बसायचे, डबा खायचे आणि सुटायच्या वेळेला घरी यायचे. पल्लवीला कळू नये, सासरच्यांना कळू नये, बिल्डिंगला तर नकोच नको. "मावशी, कुणाला म्हणजे कुणाला बोलू नका. शपथ घ्या." तुम्ही म्हणालात, "आम्ही शपथ घेत नाही गं. पण माझ्या तोंडून माणसाला कळायचं नाही."

आणि कळलंही नाही म्हणा. मला नाही सांगितलंत, सुनीलला नाही सांगितलंत. त्या संध्याकाळी पदर डोक्यावर घेतलात आणि देवाला सांगितलंत. सगळं. "बापा, रमेशची नोकरी गेलीय, लेकरू झाडाखाली बसून डबा खातंय, कुसुम रात्रभर जागतेय, तूच त्यांचा वाली." रडत रडत, खड्या आवाजात, खिडकी उघडी ठेवून. मी पोळ्या लाटत होते. माझ्या हातातलं लाटणं तिथेच थांबलं. पलीकडचा टीव्ही तर तुमच्या प्रार्थनेसाठी कमी केलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी जानकीभाभी पापडांची पिशवी घेऊन वर आली, कुसुमताईंच्या दारात उभी राहिली आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा प्रेमानं म्हणाली, "अरे बेटा, तेरे आदमी की नौकरी गयी, तूने बताया भी नहीं? ले, ये रख. बच्ची को खिला." तिचा हेतू वाईट नव्हता, हे मी आज म्हणू शकते. तेव्हा दाराआडून ऐकताना मात्र तिचं तोंड दाबावंसं वाटलं होतं. पल्लवी शाळेच्या कपड्यांत आईच्या मागेच उभी होती.

कुसुमताई मग आपल्याकडे, तुमच्या पुढ्यात आल्या तेव्हा ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मावशी, तुमचा देव काय कंपनीचा भोंगा आहे? त्याच्या कानात सांगितलं की नाक्यापर्यंत ऐकू जातं?"

तुम्ही म्हणालात, "कुसुम, मी माणसाला नाही सांगितलं गं. त्यालाच सांगितलं."

"हो ना. सगळ्या बिल्डिंगनं ऐकलं. त्यानं तेवढं ऐकलं नाही."

दार लागलं. आपलं नव्हे, त्यांचं. त्या दिवसापासून दिवेलागणीला पलीकडचा टीव्ही असा काही मोठा व्हायचा की आपल्या मांडणीवरचे पेले थरथरायचे. आणि तुम्ही, आई, तुम्ही मोठ्यानं प्रार्थना करायचं सोडूनच दिलंत. सुनीलनं विचारलं तर म्हणालात, "घसा बसलाय." घसा कायमचाच बसला मग. पदर डोक्यावर, हात जोडलेले, आणि ओठ तेवढे हलायचे. मी समोर बसलेली असायचे, आणि हलणाऱ्या ओठांवरून नाव ओळखायला शिकले. कुसुम, रमेश, पल्लवी. रोज. सुनीलच्याही आधी.

भाऊ मग घरीच बसले, नंतर रिक्षा चालवायला लागले. एकदा सगळ्यांना कळल्यावर लपवायचं काय उरलं? आज त्यांचं बरं चाललंय. पण तुम्ही त्याचा आधार कधी घेतला नाहीत. "बघ, बरंच झालं की," असं एकदा मीच म्हटलं, तर केवढ्या चिडलात माझ्यावर! "झालं ते त्याच्या कष्टानं झालं. माझी चूक ती चूकच," म्हणालात.

त्या नाताळला तुम्ही स्वतः करंज्यांचं ताट घेऊन त्यांच्या दारात गेलात. पल्लवीनं घेतलं. संध्याकाळी ते परत आलं, घासूनपुसून लखलखीत, आणि रिकामं. तुम्ही ते हातात घेऊन कितीतरी वेळ बसला होतात. पुढच्या नाताळला पुन्हा पाठवलंत. पुन्हा रिकामं. मी म्हटलं, आई, पुरे आता, लाज नाही का आपल्याला? तर म्हणालात, "करंज्या ठेवून घेतेय ना. एवढं पुरे."

मग सुनीलनं सोनिवलीला फ्लॅट बुक केला आणि आपलं खरं भांडण सुरू झालं. बदलापूरची मोकळी हवा, दोन खोल्या जास्त, भिंती जाड! मी तर स्वयंपाकघरातली मांडणीही ठरवून ठेवली होती. आणि तुम्ही अडून बसलात. "आधी कुसुम माझ्याशी बोलू दे, मग चला कुठं न्यायचं तिथं. मी अशी निघून गेले तर तिच्या मनात काय राहील? ख्रिस्ती बाई आली, माझं घर चव्हाट्यावर मांडून गेली."

मी वैतागून विचारलं होतं तुम्हाला, आठवतंय? "आई, खरं सांगा, तुम्हाला कुसुमताईंची काळजी आहे की देवाच्या नावाची?"

तुम्ही म्हणालात, "दोन वेगळं कुठंय गं?"

मला ते तेव्हा पटलं नाही. माझ्या मते वेगळं आहे. माणसाच्या दुखावल्या मनाची माफी मागायची ती त्या माणसासाठी, वरच्याची पत राखायला नाही. हे भांडण आपण कितीदा भांडलो, भाजी निवडताना, तुमचे पाय चेपताना. एकदाही मिटलं नाही. मला अजून चार मुद्दे मांडायचे होते. कुणाशी मांडू आता?

शेवटच्या महिन्यांत अंथरुणाला खिळल्यावर तुम्हाला वेळेचं भान राहिलं नव्हतं. सकाळ की संध्याकाळ, कळायचं नाही. पण पलीकडचा टीव्ही गरजला की डोळे उघडायचात. "लागला बघ. उठव मला, प्रार्थनेची वेळ झाली." मी तुम्हाला उशीला टेकवून बसवायचे, डोक्यावर पदर द्यायचे. त्या बाईनं तुमचा आवाज कानावर पडू नये म्हणून लावलेला टीव्ही, आणि तुम्ही त्याची घंटा करून टाकलीत. मला हसू यायचं आणि रडूही. आणि रोज तोच प्रश्न, "कुसुम येऊन गेली का?" नाही आई, नाही आल्या. मी खोटं बोलू शकले असते. पण तुमच्याशी खोटं बोलायची सोयच नव्हती.

दफनाहून परत आलो तेव्हा चूल पेटवायची ताकद कुणात नव्हती. दार वाजलं. कुसुमताई होत्या, हातात झाकलेलं पातेलं आणि भाकऱ्यांची टोपली. "पिठलं आहे. गरम आहे तोवर खाऊन घ्या," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. उंबरा नाही ओलांडला.

काल दुपारी मी पातेलं परत द्यायला गेले. रिकामं देववेना म्हणून पाहुण्यांनी आणलेली केळी त्यात ठेवली होती. त्यांनी मला आत ओढलं, खाली बसवलं आणि पाणी दिलं. मग त्यांनी विचारलं, "प्रभा, मावशींनी माझं नाव घ्यायचं कधी सोडलं?"

मला कळेना. "म्हणजे?"

"मागे लोडशेडिंग असायचं ना संध्याकाळचं? एकदा ऐन दिवेलागणीला लाइट गेली, टीव्ही बंद पडला. म्हटलं, आज ऐकावंच लागणार. भिंतीला टेकून बसले, तर पलीकडे काही नाही. शुकशुकाट. पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हाही तेच. मला वाटलं, सोडलंच मावशींनी आपल्याला. एवढं बोलले मी, कोण नाव घेईल?" त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "आम्ही देव मानत नाही, तुला माहीत आहे. पण त्या माझं नाव घ्यायच्या ना, तेव्हा वाटायचं, असेल बाबा यांचा कुणी, आणि चांगला असेल. मग ते जगजाहीर झालं आणि वाटलं, हा पण असलाच, गावभर करणारा. आणि मग त्या गप्पच झाल्या. तेव्हा वाटलं, त्यानंही नाव टाकलं आपलं."

आई, मी त्यांना सांगितलं. लाइट गेलेल्या त्या संध्याकाळी आपण मेणबत्ती लावून बसलो होतो आणि तुमचे ओठ हलत होते, हे सांगितलं. कुसुम, रमेश, पल्लवी, सुनीलच्याही आधी. घसा बसल्याचं नाटक सांगितलं. सोनिवलीचा फ्लॅट अडकून पडलाय तो का, तेही सांगितलं. आणि त्यांच्या टीव्हीवर तुम्ही प्रार्थनेला उठून बसायचात, हे सांगितल्यावर त्या एकदम हसल्या, आणि हसता हसता अशा रडायला लागल्या की पल्लवी आतून धावत आली.

"अहो, मग कमी का नाही केलात टीव्ही?" मी विचारलं. "पलीकडे कुणी बोलत नाही हे कळल्यावर तरी?"

"लाज वाटली गं. कमी केला असता तर तुम्हाला कळलं असतं ना, की मी ऐकायला बसले होते."

अशी तुम्ही दोघी. एक लाजेनं गप्प, दुसरी लाजेनं टीव्ही मोठा करून बसलेली, आणि मधे एका विटेची भिंत. मला तुमचा दोघींचा इतका राग आला म्हणून सांगू! एक वाक्य बोलायचं होतं हो. तुम्ही रोज मला विचारायचात, कुसुम आली का, कुसुम आली का. आणि ती तिकडे भिंतीला पाठ लावून बसलेली. मी निघताना कुसुमताईंनी हळूच विचारलं, "मावशी नुसतं कुसुम म्हणायच्या, की कुसुमताई?" मी म्हटलं, नुसतं कुसुम. लेकीला म्हणतात तसं.

संध्याकाळी सुनील म्हणाला, "आज तू म्हण प्रार्थना." नगरची माणसं गच्चीवर गप्पा मारत होती, घरात आम्ही दोघंच. मी पदर डोक्यावर घेतला, आणि तेवढ्यात पलीकडे टीव्ही लागला. तोच मोठा आवाज. पल्लवीनं सवयीनं लावला असणार, तिला बिचारीला कमी आवाज आता कुठला आठवायला. पेले थरथरले. तुमच्या कॉटकडे बघितलं आणि म्हटलं, बघा, घंटा झाली.

मनातल्या मनात म्हणावं असंच ठरवलं होतं मी. एकदा हात पोळलेलं घर आहे आपलं. पण कुसुमताईंचा तो शुकशुकाट मला सोसवेना. मग मी मोठ्यानं म्हटलं. जेवढं जमलं तेवढं मोठ्यानं, माझा आवाज काही तुमच्यासारखा नाही. "बापा, कुसुम. रमेशभाऊ. पल्लवी." नुसती नावं. त्यांचं काय दुखतं, काय हवं, ते एक अक्षर बोलले नाही. ते मनात ठेवलं, त्याला कळेल. नावं तेवढी भिंतीपलीकडे जाऊ दिली.

पलीकडे क्षणभर टीव्ही तसाच चालू होता. मग कुसुमताईंचा आवाज आला, स्पष्ट, एका विटेच्या भिंतीतून येतो तसा.

"ए पल्लवी, आवाज कमी कर गं. प्रभाची प्रार्थना चाललीय."

आवाज कमी झाला. सुनीलनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. आमेन त्यानंच म्हटलं.

आई, तुम्ही तर सुटलात. कुसुम बोलली, आता मोकळेपणानं सोनिवलीला जायचं, असंच ठरलं होतं ना आपलं? बिल्डरचा सकाळीच फोन येऊन गेला, किल्ली कधी नेताय म्हणून. मी सुनीलला म्हटलं, त्यांना सांग, अजून थोडं थांबा. आता त्या तिकडे माझ्यासाठी टीव्ही कमी करून बसणार रोज. त्यांना टाकून मी जाऊ कशी?